साखरपुड्यानंतरही ऑनलाइन

"तुमीच मुलीचे मामा का?"

गेले कित्येक महिने माझ्या दिवसाची सुरुवात या प्रश्नाने होते. नमस्कार नाही, नाव-गाव नाही, थेट मामा. दाढीचा फेस अर्ध्या गालावर असताना, वर्गात भागाकार शिकवताना, एकदा तर स्मशानात श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला उभा राहिलो होतो तेव्हा. मी पेशाने शिक्षक आणि हौसेने सूत्रसंचालक. परभणीच्या आसपास सत्कार असो, निरोप समारंभ असो, माईक शेवटी माझ्याच हातात येतो. लोकांनी आपल्याला ओळखावं, रस्त्यात थांबवून बोलावं, हे मला मनापासून आवडतं, लपवत नाही. पण न पाहिलेल्या माणसांनी पहाटे उठवून मामा म्हणावं, इतकी प्रसिद्धी मी मागितली नव्हती.

हा मान मला एका बायोडाटाने मिळवून दिला. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी परभणीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रक्त काढते, तपासते, अहवाल देते. तिच्या लग्नाचं बघायचं ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे बायोडाटा करायचा ठरला. आमच्याकडे मुलीच्या बायोडाटात मामाचा मान मोठा. आई, वडील, भाऊ, मग मामा, मामाचं गाव, आणि तळाला संपर्कासाठी नंबर. दाजी फोनवर 'हं'च्या पुढे बोलत नाहीत, म्हणून तो नंबर माझा.

बायोडाटा बनवायला दाजींनी एक फुकटचं ॲप घेतलं. ॲपने आधी फोनमधले फोटो बघायची परवानगी मागितली. ठीक आहे, फोटो लावायचाच होता. मग फोनमधले सगळे नंबर मागितले. मग आम्ही कुठे बसलो आहोत ते विचारलं. मग माईक मागितला. मुलीची उंची लिहायला माईक कशाला लागतो, हे मी माईकवर जन्म काढलेला माणूस आजवर समजू शकलेलो नाही. दाजी मात्र पंगतीत वाढप्याला मान हलवावी तसे प्रत्येक वेळी 'हो'वर बोट ठेवत गेले.

मग ॲप जन्मवेळेवर अडून बसलं. आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका जुळवत नाहीत, त्यामुळे जन्मवेळ कुणी लिहून ठेवलेली नाही. पण ती चौकट भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मला तवा घड्याळ बघायची शुद्ध होती का?" शेवटी दाजींनी काहीतरी दाबलं आणि ॲपने स्वतःच दुपारचे बारा लिहून टाकले. त्या बारा वाजल्यावरून पुढे एका अनोळखी गृहस्थाने मला फोन करून मुलीच्या ग्रहांची चिंता व्यक्त केली. उपायही सुचवला. मी त्यांना ते बारा कसे वाजले ते सांगितलं, तर ते म्हणाले, ॲपला बरोबर कळतं.

असा तो बायोडाटा तयार झाला. मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं माहेर, कुठे नोकरी, कोणत्या वेळेत नोकरी, घराचा पत्ता, त्यात 'पाण्याच्या टाकीमागे' ही खूण, आणि वर साडीतला फोटो. एवढी चौकशी कुणी परका माणूस दारात येऊन करू लागला असता तर दाजींनी त्याला पायरी चढू दिली नसती. तेच सगळं त्यांनी कडेने गुलाबाची नक्षी काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. टाकून झाल्यावर जबाबदारी उतरल्यासारखे शांत झोपले.

गंमत पुढे आहे. लग्न जमलं ते या बायोडाटावर नाहीच. पाथरीचा मुलगा, वीज खात्यात तंत्रज्ञ. त्याचं नाव ताईच्या नणंदेने चहा गाळता गाळता तोंडी सुचवलं, दोघं भेटली, दोघांना पटलं, साखरपुडा झाला. मीच निवेदन केलं. बायोडाटाने फक्त एकच काम केलं. तो फिरत राहिला.

साखरपुड्यानंतर फोन थांबतील असं मला वाटलं होतं. उलट वाढले. तेव्हा मी एक निवेदन लिहिलं. माझी भाषा तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो, मी साधा दिलगिरीचा मजकूरसुद्धा टाळ्या येतील असा लिहितो. 'समस्त आप्तेष्टांना नम्र विनंती, आमच्या कन्येचा विवाह निश्चित झाला असून तिचा बायोडाटा आपल्या फोनमधून तातडीने काढून टाकावा, ही कळकळीची विनवणी.' ते मी मला ठाऊक असलेल्या प्रत्येक ग्रुपवर टाकलं. लोकांनी ते वाचलं, त्यांना ते आवडलं, आणि कोणत्या कन्येबद्दल आहे हे पुढच्याला कळावं म्हणून त्यांनी त्याला बायोडाटा जोडून पुढे पाठवलं.

त्या आठवड्यात फोनचा कळस झाला. पोखर्णीहून एका बाईने विचारलं, "जमलं म्हणता, पण पक्कं का? आमचा पोरगा थांबायला तयार हाय."

"पक्कं आहे, बाई."

"मंग एवढं लिवून कशाला सांगायलाव? मोडलं असंल तर सांगा की. आमी कुठं बोलणार न्हाई."

एका ग्रुपच्या ॲडमिनला मी घरी जाऊन गाठलं. म्हटलं, बाबा रे, तो काढ. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "सर, माझ्या ग्रुपवरून काढला तरी काय? ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्या फोनात मी शिरू का?" एवढं म्हणून त्याने माझ्यासमोर आपल्या फोनमधला काढला. ग्रुपमध्ये तो तसाच राहिला. त्याला ते जमत नाही म्हणाला.

इथपर्यंत मी हे किस्से म्हणून सांगत होतो. स्टाफरूममध्ये त्यावर चांगला हशा मिळायचा. मग एका दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, आज एक जण आईला घेऊन साखर तपासायला आला. म्या सुई टोचायलेय, तर ती बाई माझ्या हाताकडं बघायलीय. कलर बघायलीय. मग म्हन्ती, फोटोत उजळ दिसतीस."

मी हसलो. सवयीने.

"हसू नका. तो मला म्हन्ला, तुमची ड्युटी दोनला संपती ना. त्याला कसं म्हाईत, मामा?"

ड्युटीची वेळ बायोडाटात होती. नोकरी पक्की आहे हे दिसावं म्हणून दाजींनी लिहिलेली. मला तिथला पत्ताही आठवला, 'पाण्याच्या टाकीमागे'सकट.

"घरी जाताना मागं बघत गेले म्या," ती म्हणाली. "कुनी न्हवतं. पण बघत गेले."

यानंतर स्टाफरूममधला किस्सा बंद झाला. त्याच सुमारास पाथरीहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. हा माणूस बोलायला तोलून-मापून, आवाज कधी चढत नाही. त्यामुळे अंगावर जास्त येतो.

"पाव्हणं, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"तुमची पोरगी आज बी ऑनलाइन हाय."

मला वाटलं, असेल. कोण नसतं? पण ते सांगत होते लग्न जुळवायच्या ॲपबद्दल. त्यांच्या भावकीतल्या कुणीतरी आपल्या मुलासाठी स्थळं चाळताना भाचीचं प्रोफाइल पाहिलं होतं. साडीतला तोच फोटो, नाव, शिक्षण, आणि खाली हिरव्या ठिपक्यापुढे 'आज सक्रिय'. त्या गृहस्थाने ते चार लोकांत दाखवलं होतं.

"लोक मला विचारायलेत, सून आणायला निघाले आन सून अजून दुसरीकडं बघायलीय का म्हणून. आमी काय उत्तर द्यावं?"

मी माझ्या कमावलेल्या आवाजात ग्वाही दिली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "रविवारी भावकी बसणार हाय, तारीख काढायला. तवर ते दिसायचं बंद झालं तर बरं. न्हाई तर तारीख काढायला मीच बसणार न्हाई." फोन ठेवताना त्यांनी 'जय भीम' केला, पण त्यात दम नव्हता.

भाचीने त्या ॲपचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. आम्ही दोघं ताईच्या ओट्यावर बसून त्या कंपनीच्या मागे लागलो. ज्या नंबरवर फोन लागतो तिथे माणूस नव्हता, एक गोड आवाजाची बाई होती जी एक दाबा, दोन दाबा म्हणत होती. प्रोफाइल काढायला प्रोफाइलच्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा म्हणाली. तो नंबर आमचा नव्हता, हीच तर तक्रार. मग तक्रारीचा दुसरा रस्ता सापडला. त्यात म्हटलं होतं, हे प्रोफाइल तुमचं नाही हे सिद्ध करायला तुमचं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाठवा आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवून चेहऱ्याचा व्हिडिओ काढा.

मी म्हटलं, "काढ. रविवार जवळ आलाय."

"न्हाई काढत."

"अगं पण..."

"एक फोटो गेला तो आणायला म्या आता मान वळवून दाखवू का त्यांना? बाकीचं राहिलं होतं तेवढं बी देऊ?"

"लग्नाचा प्रश्न आहे."

"मामा, तुमाला लग्नाची पडलीय, त्यांना इज्जतीची पडलीय. फोटो माझा हाय. तो कुणाकुणाच्या खिशात हाय ते मला म्हाईत न्हाई. त्याचं कुणीच काही बोलत न्हाई."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वाक्यांना टाळ्या मिळवून दिल्या आहेत. हे वाक्य ऐकून मी तक्रारीचं ते पान बंद केलं.

तिनेच मग तो फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात पुसट शिक्का होता. मानवतच्या एका वधू-वर सूचक केंद्राचा. आमच्या बायोडाटावर तो नव्हता. म्हणजे कुणीतरी आमचा बायोडाटा घेऊन त्यावर आपला शिक्का मारला होता, गोदामातल्या पोत्यावर मारतात तसा.

शनिवारी आम्ही एसटीने मानवतला गेलो. रस्त्यात कापसाच्या गाड्या होत्या, धूळ होती, आणि माझ्या डोक्यात भाषण होतं. काय काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं मी तयार केलं होतं. केंद्र बाजाराजवळ, खता-बियाणांच्या दुकानाच्या वर. जिना चढून गेलो तर आत गालिच्यावर एक जाडजूड, हसरी बाई बसलेली. पुढे स्टीलचं मोठं ताट, आणि ताटात फोन. सगळे एका पट्टीला चार्जिंगला लावलेले, पापडासारखे मांडलेले.

"या गुरुजी, बसा. लेकरू, तू बी बस. कुणासाठी बघायचं? हिच्यासाठी? रूप चांगलं हाय, लगेच जमवते."

माझं भाषण तिथेच अडखळलं. मी म्हटलं, "मावशी, हिचं जमलेलं आहे. तुम्ही हिला न विचारता हिचं प्रोफाइल..."

"जमलंय? लय चांगलं झालं." तिला खरोखर आनंद झाला. "मग तर राहू द्या. जमलेल्या पोरीच दुकानात ठिवाव्या लागतात, गुरुजी. चांगल्या समद्या उठून गेल्या तर गिऱ्हाईकाला दाखवू काय? फोटो बघून माणूस जिना चढतो, मग दुसरी दाखवता येती."

"आणि रोज सक्रिय कशी दिसते ती?"

"म्या रोज सकाळी चहा पिता पिता समदे फोन एकदा उघडून बघते. कोंबड्याला दाणे टाकल्यावाणी. न्हाई उघडलं तर पोरी यादीत खाली जातेत."

यात काही वाईट आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. हेच मला सहन होईना. माझ्यासमोर लबाड माणूस बसला असता तर मी त्याला शब्दांनी सोलून काढला असता. या बाईने आम्हाला पाणी दिलं, वर गूळ दिला.

भाची शांत होती. ती म्हणाली, "मावशी, माझं दाखवा बरं. कुठल्या फोनात हाय?"

मावशीने ताटातला एक फोन तिच्या हातात दिला आणि चष्मा शोधत म्हणाली, "तू ते काढ सावकाश. पण तुझं मोडलं-बिडलं कधी, तर लक्षात ठेव, माझ्याकडं एक लय चांगला पोरगा हाय. पाथरीचा. वीज खात्यात साहेब हाय."

भाचीने मान वर केली. माझ्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला.

"साहेब?" ती म्हणाली.

"इंजिनेर. पगार चांगला. उंच बी हाय. थांब, दाखवते." दुसरा फोन, बोटाने चार फटके, आणि भाचीच्या हातात तिचाच होणारा नवरा. हिरवा ठिपका. आज सक्रिय. तंत्रज्ञाचा इंजिनिअर झालेला, आणि उंचीत तीन-चार बोटं भर पडलेली.

मला कबूल करायला हवं, त्या क्षणी माझ्यातला नाटकी माणूस आनंदाने उठून उभा राहिला. आता पाथरीला फोन. स्पीकरवर. 'पाव्हणं, राग मानू नका, तुमचा मुलगा आज बी ऑनलाइन हाय.' वाक्य तयार होतं, थांबायची जागा ठरलेली होती. मी खिशात हात घातला.

"मामा, फोन ठिवा," भाची म्हणाली. "म्या त्यालाच लावते."

तिने मुलाला फोन करून एवढंच सांगितलं की मानवतला ये, काम आहे. तो मोटारसायकलवरून आला, अंगावर कामाचेच कपडे, बाहीला ग्रीस. त्याला पाहून मावशीने डोळे बारीक केले.

"ह्योच तो," ती मला हळूच म्हणाली. "फोटोत उंच दिसतो."

भाचीने त्याच्यासमोर दोन्ही फोन ठेवले. त्याने आधी तिचा फोटो पाहिला, मग स्वतःचा. स्वतःचा बराच वेळ पाहिला.

"हे बाबांनी दिलं असंल," तो म्हणाला. "वधू-वर मेळाव्यात. मला कुणी विचारलं न्हाई."

"मला बी न्हाई विचारलं," ती म्हणाली. मग मावशीकडे वळली. "ह्यात माझा फोटो कुणी कुणी बघितला, ते दिसतं का?"

"दिसतं की. त्याचे पैसे भरलेत म्या." मावशीने अभिमानाने ते पान उघडलं.

चेहरे खाली सरकू लागले. मिशीवाले, चष्मेवाले, गाडीला टेकलेले, गॉगल घातलेले, एक तर माझ्या वयाचा. नावांपुढे गावं होती, त्यातली काही मी कधी ऐकलेली नव्हती. बोट खाली जात होतं आणि चेहरे संपत नव्हते. मुलाने हात पुढे केला आणि स्क्रीनवर तळवा ठेवला.

"बास," तो म्हणाला.

तिने त्याचा तळवा हळूच बाजूला केला आणि ते पान बंद केलं.

मग प्रोफाइल काढायचं काम. तेही सरळ होईल तर ते ॲप कसलं. त्याने कारण विचारलं, आणि कारणांत 'हे माझं नाही' असं कुठे नव्हतंच. मावशी म्हणाली, जे असंल ते दाबा. शेवटी भाचीने 'मला इथेच जोडीदार मिळाला' दाबलं. लगेच फुगे उडाले, अभिनंदन झालं, आणि तुमच्या दोघांचा फोटो आमच्या जाहिरातीत वापरू का, असं विचारलं. मुलाने एक शिवी दिली, मग मला पाहून जीभ चावली. मी म्हटलं, चालू द्या.

दोघांची प्रोफाइलं काढल्यावर मावशीला सगळं उमगलं. ती म्हणाली, "म्हंजे ही जोडी माझ्याच ताटातली की. मग जुळवल्याची माझी साडी?" आणि तिने स्वतःच हसून घेतलं. जिना उतरताना मी तिला विचारलं, बाकीच्या मुलींचं काय. ती म्हणाली, "त्यांचं कुणी आलं तर बघू." मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडलो नाही. ओरडून तिने किती फोन बंद केले असते?

पाथरीला फोन मुलानेच लावला, खाली बियाणांच्या दुकानापुढे उभा राहून.

"बाबा, हिचं काढलं. माझं बी काढलं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"माझं म्हंजे माझं. म्या बी रोज ऑनलाइन होतो. साहेब होतो तिथं म्या. उद्या भावकीत हे बी सांगा, म्हंजे समद्यांना कळंल. सांगायचं नसंल तर तिचा विषय बी काढू नका."

त्याने पलीकडचं ऐकून घेतलं. मग त्याने फोन भाचीकडे दिला. मला दुसऱ्या बाजूचं ऐकू येत नव्हतं, आणि स्पीकर लावा म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. होणाऱ्या सासऱ्यांशी ती जे बोलली तेवढं ऐकलं.

"जी, पप्पा. न्हाई, राग न्हाई. तारीख तुमी काढा. पण एक हाय. लग्नपत्रिकेवर माझा फोटो नको. आन पत्रिका फोनवर पाठवायची न्हाई. कुणालाच." थोडं थांबून, "मग हातानं द्या की. पूर्वी देत नव्हते का?"

रविवारी भावकी बसली आणि तारीख निघाली. पाव्हण्यांनी तिथे मुलाचं सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही. फोन अजून येतात. बायोडाटा कुठल्या कुठल्या फोनात आहे ते मला सांगणारा कुणी नाही. प्रोफाइल गेलं, पण ते बघून गेलेल्या चेहऱ्यांच्या फोनातून फोटो गेला का, तेही कुणी सांगत नाही, आणि दाजी त्या फुकटच्या ॲपला दिलेल्या परवानग्या परत कशा घ्यायच्या ते मला विचारतात. मला येत नाही. मी शोधतो आहे.

लग्नाआधी पंधरवडाभर पाथरीचे पाव्हणे स्वतः पत्रिका घेऊन परभणीला आले. कापडी पिशवी, पायांवर धूळ, अंग आंबलेलं. गावोगाव फिरत आले होते, काही ठिकाणी दार बंद, काही ठिकाणी कुत्रं, सगळीकडे चहा. बसता बसता म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या पोरीनं मला म्हातारपणी पोस्टमन केलं." पिशवीतून एक पत्रिका काढून भाचीच्या हातात दिली. तिने ती उघडली, वाचली, उलटून मागची बाजू पाहिली. फोटो नव्हता. नंबरही नव्हता, ना माझा, ना त्यांचा.

"आता खूश का, बाई?" त्यांनी विचारलं.

"खूश न्हाई, पप्पा," ती म्हणाली. "पण हे बरं हाय."

त्यांनी मान हलवली, आणि ताईने पुढे केलेला चहा नको नको म्हणत घेतला.